सिस्टरचं एका काट्याचं घड्याळ

कंपोझिटरच्या नजरेत आधी भरलं ते तिचं घड्याळ. ती स्वतः नंतर.

छापखान्यात शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी, गच्च भरलेली लाकडी केस त्याच्या नडगीवर पडली होती. इस्पितळात पाय टांगून तो आढ्याकडे बघत पडला होता, तेवढ्यात एक नर्स खाटेशी आली. तिनं त्याचं मनगट तीन बोटांत धरलं आणि मान खाली घालून ती स्वतःच्या छातीकडे बघू लागली. तिथे पिनेला एक गोल घड्याळ लोंबत होतं, डोकं खाली पाय वर. तिला सुलटं, बाकी जगाला उलटं. पण कंपोझिटरचा जन्मच उलटी अक्षरं वाचण्यात गेलेला. पडल्या पडल्या त्यानं वाचलं, "सात बावीस. आणि काच पुसायला झालीय."

"बोलू नका. मोजणं चुकतं."

मिनिट पुरं झालं. तिनं तक्त्यावर बहात्तर लिहिलं, मग काच पदराला पुसली आणि विचारलं, "उलटं कसं वाचलंत?"

"सुलटं वाचायला वेळ लागतो मला," तो म्हणाला.

पुढचे सहा आठवडे तो तिला इतरांसारखंच 'सिस्टर' म्हणत होता. मग लग्न झालं. तोंडात बसलेलं सुटेना, आणि छापखान्यातली मंडळी दोन वर्षं त्याची टर उडवत राहिली. तो कसाबसा 'अगं'वर आला, पण गल्ली मात्र तिला सिस्टरच म्हणत राहिली, ती निवृत्त झाली तरी.

तिचा एक नेम होता. बाकीच्या नर्सा पंधरा सेकंद मोजून चारानं गुणत. ती पुरं मिनिट मोजायची. कंपोझिटरला हे मनापासून पटत असे. एक ओळ वाचून पानाचं प्रूफ पास करणारे लोक त्यानं पाहिले होते आणि त्यांचं काय होतं तेही पाहिलं होतं. एकच गोष्ट त्याला बोचायची. दिवसभर साठ-सत्तर मनगटं धरून घरी आलेली बाई नवऱ्याचं मनगट कशाला धरेल? लग्नानंतर तिनं त्याची नाडी म्हणून पाहिली नव्हती. आचाऱ्याच्या घरी चूल थंड, तसं ते होतं. त्यानं तक्रार केली नाही. काय म्हणून करणार? "मला ताप येत नाही" अशी?

निवृत्तीनंतर दर रविवारी ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांची तपासणी करायला जाऊ लागली. तिथे तीन खुर्च्या होत्या. पहिल्या खुर्चीवर नाव लिहायचं, दुसऱ्या खुर्चीवर वजन, तिसऱ्या खुर्चीवर नाडी आणि रक्तदाब. तिसरी खुर्ची सिस्टरची. शेवटी टेबलामागे एक तरुण डॉक्टर बसायचा, जो सगळ्यांशी हळू आवाजात बोलायचा.

एका रविवारी घोटाळा झाला. एका निवृत्त टपालवाल्याची नाडी मोजताना तिचं घड्याळ मध्येच थांबलं. सेकंदाचा लाल काटा चाळीसवर अडकला, आणि मिनिट संपल्याशिवाय हात सोडायचा नाही हा तिचा नेम. ती मोजत राहिली. शंभर झाले. एकशे वीस झाले. टपालवाला तिच्या ओठांकडे बघत होता. आकडा जसजसा वाढत गेला तसतसा त्याला घाम फुटत गेला, घाम फुटला तशी नाडी खरोखरच पळू लागली. एकशे एक्केचाळीसला काटा एकदाचा हलला तेव्हा टपालवाल्याला आडवा करून वारा घालावा लागला.

डॉक्टर नंतर म्हणाला, "सिस्टर, आपण बोटाला लावायचं मशीन घेऊ या. तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसा. नावं लिहायला कुणीतरी हवंच आहे."

"एक महिना द्या," ती म्हणाली. "घड्याळ नीट करते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा माणसं मी मोजते, तीच दहा तुमचं मशीन मोजेल. चुकले तर नावं लिहीन."

डॉक्टर कबूल झाला. नाही म्हणायची त्याची छाती झाली नसावी.

घरी आल्यावर कंपोझिटर म्हणाला, "दुसरं घड्याळ घे की."

"नवं घड्याळ म्हणजे नवा डॉक्टर. दोन वर्षं त्याला शिकवण्यात जातात."

"मग दुरुस्तीला दे."

ते तिनं करून पाहिलं होतं. गल्लीतला घड्याळजी आता फक्त पट्टे आणि सेल विकत होता. त्यानं तिचं घड्याळ कानाशी धरलं आणि मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात "वय झालंय हो" म्हणून परत दिलं होतं. "वय झालंय म्हणून मी एकाही पेशंटला परत पाठवला नाही," सिस्टर म्हणाली. "मी स्वतः उघडते. हत्यारं आणू."

हत्यारांचं दुकान बाजाराच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली होतं. दुकानदार म्हातारा, आणि भिंग कपाळावर सरकवलेलं. त्यामुळे त्याला तीन डोळे असल्यासारखं वाटे, आणि बोलताना तो तिन्ही मिटायचा. त्यानं काचेवर कापड अंथरलं आणि एकेक हत्यार मांडलं. पाठचं झाकण उचकटायची बोथट सुरी. पाच जाडीचे स्क्रूड्रायव्हर. टोकदार चिमटे. काटे उपटायचा छोटा पंजा.

सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, "हे उकळता येतात ना?"

दुकानदारानं दोन डोळे उघडले. "उकळता?"

"वीस मिनिटं. पाण्यात."

"बाई, हे घड्याळात घालायचं असतं."

"न उकळलेलं हत्यार मी कुणाच्याच पोटात घातलेलं नाही."

दुकानदारानं कंपोझिटरकडे पाहिलं. कंपोझिटर छताकडे बघत होता. या बाबतीत त्याचा अनुभव मोठा होता.

शेवटी दुकानदारानं एक निळी डबी पुढे केली. काडेपेटीएवढी, वर एक बटण. "ही एवढी न्याच. हत्यारात लोहचुंबकाचा गुण उतरला की तो काढते. घड्याळातही उतरतो कधीकधी. आतली केसाएवढी स्प्रिंग स्वतःलाच चिकटते, आणि मग घड्याळ उधळतं, पुढे पळत सुटतं."

"आमच्या घरात लोहचुंबक नाही," सिस्टर ठामपणे म्हणाली आणि डबी बाजूला सारली. "दिसायलाही खेळणंच आहे."

तिच्या पिशवीत त्या वेळी एक लोहचुंबकी वाटी होती. येता येता मोटारीच्या सामानाच्या दुकानातून तिनं ती घेतली होती. मेकॅनिक लोक त्यात नट ठेवतात, वाटी उलटी केली तरी खाली पडत नाहीत. सिस्टरला ती बघताक्षणी आवडली होती. ऑपरेशनच्या आधी हत्यारं मोजायची, नंतर मोजायची, एकही कमी भरता कामा नये, हा तिच्या आयुष्याचा कायदा. आणि इथे तर वाटीच स्वतः हत्यारं धरून बसत होती. वाटी म्हणजे वाटी, लोहचुंबक म्हणजे घोड्याच्या नालेसारखं लाल काहीतरी, अशी तिच्या मनात सरळ विभागणी होती. कंपोझिटरच्याही. सुटी अक्षरं जमिनीवर सांडली की काय होतं हे तो जाणून होता, म्हणून उलट त्यानं वाटीचं कौतुकच केलं होतं.

पहिला आठवडा हत्यारं उकळण्यात गेला. पाचही स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या दिवशी गंजले. ती पुन्हा दुकानात गेली. दुकानदारानं तिन्ही डोळे मिटून दुसरा संच दिला आणि म्हणाला, "स्पिरिटनं पुसा. माझ्यासाठी."

भिंगाचंही जमेना. डोळ्याच्या खोबणीत धरायचं भिंग तिच्या डोळ्यातून निसटून दोनदा चहात पडलं. शेवटी कंपोझिटरनं आपलं प्रूफ तपासायचं भिंग दिलं. धूळ उडवायला दुकानात रबरी फुगा मिळत होता, पण तिच्याकडे तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा फुगा होता आणि तो जास्त नाजूकपणे फुंकत होता. चिमट्यांची परीक्षा तिनं कंपोझिटरच्या पापणीच्या केसावर घेतली. केस पापणीतून गळून गालावर पडला होता असं तिचं म्हणणं. कंपोझिटरच्या मते तो तोवर पापणीतच होता.

सरावासाठी तिनं कंपोझिटरचं मनगटी घड्याळ दाखल करून घेतलं. अलीकडे तो वाळला होता आणि घड्याळ कोपरापर्यंत वर जायचं. पट्ट्याच्या दोन कड्या काढायच्या होत्या. पिन ढकलायचं हत्यार आलं, कड्या निघाल्या, पट्टा बरोबर झाला. पण घड्याळ परत मिळालं नाही.

"ते दिवसाला अर्धं मिनिट मागे पडतंय," ती म्हणाली. "देखरेखीखाली आहे."

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला नॅपकिनची घडी, त्यावर घड्याळ, शेजारी तक्ता. दर चार तासांनी ती त्याची कूस बदलायची. पाठीवर, पोटावर, किल्ली वर, किल्ली खाली. कंपोझिटरला यात हसू आलं. मात्र दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे. कुशीप्रमाणे चाल बदलते. हे बाईंना कुणी शिकवलं?"

"खाटेला खिळलेल्या पेशंटांनी," कंपोझिटर म्हणाला.

त्याला वेळ बघायची झाली की ती म्हणे, "भेटायची वेळ चार ते सहा."

मग तिनं स्वतःचं घड्याळ उघडलं. झाकण निघालं. पंजानं तिन्ही काटे निघाले. आतली वाळलेली धूळ फुग्यानं उडाली. प्रत्येक स्क्रू मोजून वाटीत गेला, मोजून बाहेर आला. तेलाबद्दल तिनं दुकानदाराला "डोस किती?" असं विचारून घेतलं होतं. तो म्हणाला होता, "सुईच्या टोकाला दिसला तर जास्त झाला." तिनं न दिसण्याइतकं तेल दिलं. आणि घड्याळ चालू झालं! तिसऱ्या आठवड्याच्या त्या सोमवारी ती घड्याळ कानाशी धरून खिडकीत उभी राहिली, आणि कंपोझिटरला कित्येक वर्षांनी इस्पितळातली ती मुलगी दिसली.

फक्त तास आणि मिनिटाचे काटे परत बसेनात. ते बसवायचं वेगळं हत्यार असतं, आणि दुकानातली दोन्ही तिला नापसंत. एक जाड, दुसऱ्याची पकड ओली. तिनं ते काटे औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवले. लाल सेकंदकाटा तेवढा बोटानं बसला. "नाडीला एवढाच लागतो," ती म्हणाली. "योग्य हत्यार मिळालं की बाकीचे बघू." अशा रीतीने तिच्या घड्याळात वेळ उरली नाही, नुसती मिनिटं उरली.

ती लगेच कंपोझिटरच्या शेजारी बसली आणि छत्तीस वर्षांनी तिनं त्याचं मनगट धरलं.

"चोपन्न," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा उतरला.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा चोपन्न. त्या दिवसापासून कंपोझिटरला जिने बंद झाले. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा नाडी सुरू झाली. खाटेच्या कडेला बसून, मान खाली, तीन बोटं मनगटावर. मिनिटभर खोलीत कुणी बोलायचं नाही. कंपोझिटरला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेजारीण आली. जिन्यातल्या कुंडीवरून रोज एकाशी भांडणारी बाई. तिची नाडी अठ्ठावन्न निघाली.

"म्हणजे काय गं, सिस्टर?"

"म्हणजे तुमचं हृदय शांत आहे."

"बघा!" शेजारीण जिन्यात जाऊन ओरडली. "शांत आहे म्हणतायत! माझं!"

मग सगळी इमारतच रांगेनं आली, आणि सगळी इमारत मंद निघाली. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हर पन्नास. त्यांची सासू एकोणपन्नास. लोक घाबरून हळू चालू लागले. कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारेना. सिस्टरनं पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिलं. घड्याळावर तिचा संशय गेला नाही. तिच्या मते पेशंट नुकताच बरा होऊन घरी आला होता, आणि बऱ्या झालेल्या पेशंटावर कुणी संशय घेत नाही.

कंपोझिटरला मंगळवारीच कळलं. खाटेवरून समोर भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. ती "चोपन्न" म्हणून हात सोडायची तेव्हा भिंतीवरचा सेकंदकाटा जेमतेम दहाच्या आकड्यावर आलेला असायचा. तिचं मिनिट पन्नास सेकंदांचं झालं होतं. त्याच दुपारी त्यानं टेबलावरचा चिमटा उचलला तर खालची एक टाचणी उडून त्याला चिकटली. चिमट्यावरून नजर वाटीकडे गेली, वाटीवरून मन दुकानातल्या त्या निळ्या डबीकडे, आणि त्याचं वाक्य जुळलं. जन्मभर खिळे जुळवलेला माणूस तो. चूक कुठल्या ओळीत आहे ते त्याला दिसलं.

सांगायला तो स्वयंपाकघरात गेलाही. ती तिथून घड्याळ घेऊन बाहेरच येत होती. "बसा," ती म्हणाली, "दुपारची राहिलीय." तो बसला. त्यानं हात पुढे केला. बुधवारी सांगू असं ठरवलं. बुधवारी गुरुवारचं ठरवलं. परीक्षेचा रविवार अजून पुष्कळ लांब होता.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला. सिस्टर आतल्या खोलीत बोलत होती. "उद्या आहे गं ते... काय होणार? सगळ्यांचेच ठोके कमी येतात. माझेसुद्धा. घड्याळ उत्तम चाललंय. माझीच बोटं ठोके चुकवतायत, दुसरं काय. वय झालं... हो. नावं लिहीन ना. अक्षर बरं आहे माझं."

कंपोझिटरनं दाराच्या फटीतून पाहिलं. फोन खांद्यात धरून ती गरम पाण्याच्या भांड्यात तीन बोटं बुडवत होती, बाहेर काढून खरखरीत टॉवेलला घासत होती आणि परत बुडवत होती. टोकं लाल झाली होती.

तिचं अक्षर कंपोझिटरला माहीत होतं. त्यानं आयुष्यात नाना तऱ्हेची हस्तलिखितं जुळवली होती, पण बायकोची किराण्याची यादी घेऊन दुकानात जाण्यापेक्षा तो पाठ करून जात असे.

चप्पल घालून तो तडक जिने उतरला. दुकानदारानं त्याला बघून काही न विचारता निळी डबी काढली.

"चौथ्या आठवड्यात येतातच," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं डबी टेबलावर ठेवली. शेजारी एक टाचणी ठेवली, चिमटा जवळ नेला. टाचणी टुणकन उडाली. सिस्टरनं टाचणीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तुमची बोटं ठीक आहेत, सिस्टर," तो म्हणाला. घाबरला की जुनं संबोधन बाहेर यायचं.

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"मागच्या मंगळवारी."

ती मनात मोजत होती. तिची मोजायची सवय. "अकरा दिवस. अकरा दिवस मी बिनमिठाचं करून घालतेय तुम्हाला, ते मुकाट्यानं गिळलंत? बोलला का नाहीत?"

कंपोझिटरनं नुसता हात पुढे केला, तळवा वर, रोज करायचा तसा.

सिस्टरनं त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं तो धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरं मिनिट मोजलं.

"शहाऐंशी," ती म्हणाली. "लबाड माणसाची एवढीच असते." आणि डबीचं बटण दाबून घड्याळ त्यावरून हळूहळू वर उचललं, दुकानदारानं कंपोझिटरला सांगितलं होतं तसं. एकदा, दोनदा. भिंतीवरच्या साठ सेकंदांना तिच्या घड्याळाचं मिनिट झालं. रात्रीच्या जेवणात मीठ होतं. जरा जास्तच होतं.

रविवारी दहा माणसं बसली. पहिला टपालवाला स्वतःहून आला, फक्त या वेळी त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. अडुसष्ट. मशीन म्हणालं अडुसष्ट. नवव्या माणसापर्यंत एकाचा फरक पडला, तोही दोनदाच. दहावी शेजारीण. सिस्टरचे एकाहत्तर, मशीनचे एकाहत्तर.

"अठ्ठावन्न लिहा," शेजारीण म्हणाली.

"आज एकाहत्तर आहेत, बाई."

"ते मशीन बिघडलंय. मला सिस्टरनी सांगितलंय, मी शांत आहे!" तिचा आवाज वाचनालयाच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांपर्यंत गेला. डॉक्टरनं हळू आवाजात तिला समजावलं. शेवटी कागदावर एकाहत्तर आणि कंसात 'शांत' असं लिहून दिलं तेव्हा ती उठली.

डॉक्टरनं मशीन खोक्यात ठेवलं. "बसा, सिस्टर, तुमच्या खुर्चीत," तो म्हणाला, आणि सहज वाकून तिच्या घड्याळाकडे पाहिलं. उलटं वाचायची सवय नसल्यानं त्यानं मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली. "पण यात किती वाजलेत?"

"ते तुमच्या घड्याळात बघा," सिस्टर म्हणाली. "पुढचं कोण?"

लोहचुंबकी वाटीत आता शिवणाच्या सुया असतात. काटे बसवायची आणखी तीन हत्यारं सिस्टरनं बघून परत केली आहेत. तास-मिनिटाचे काटे अजून औषधाच्या बाटलीत आहेत. कंपोझिटरच्या घड्याळाला अजून घरी सोडलेलं नाही. सकाळी सातला ती त्याची नाडी मोजते. साधारण पासष्ट भरते.